राजधानीच्या इमारतींवरील देवता वाचायच्या कशा : वॉशिंग्टन आणि कोल्हापूर

कोल्हापुरात वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने सेमिनारच्या निमित्ताने तीन प्रश्न विचारले आहेत. वॉशिंग्टनमधील संसदभवन, न्यायालय आणि स्मारके यांवर ग्रीक-रोमन देवता, दंडांच्या मोळ्या, गरुड यांची एवढी गर्दी का? हे सारे फ्रीमेसन (स्वतःचे विधी आणि खुणा असलेली एक जुनी युरोपीय बंधुसंघटना) मंडळींचे गुप्त संकेत आहेत, असे सांगणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत तथ्य आहे का? आणि कोल्हापूर हीही एकेकाळची राजधानीच असल्यामुळे इथल्या इमारती याच पद्धतीने वाचता येतील का?

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीच्या आणि संवर्धनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे माझे उत्तर त्या कामाच्या सवयीतून येणार, हे उघड आहे. शिल्प कशाचे आहे हे ओळखण्याआधी तो दगड केव्हा बसला, कोणाच्या हुकमाने बसला आणि मूळ आराखड्यात त्या जागी काय होते, हे आम्ही पाहतो. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो. राजधानीतील चिन्हाचा अर्थ कोशात अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा त्या चिन्हावरून झालेल्या भांडणात आणि नापसंत ठरलेल्या आराखड्यात असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रथम आपल्याच घरात डोकावू. मोठ्या वंशाशी नाते सांगण्याची रीत आपल्याला मुळीच परकी नाही. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाच्या कुळातले म्हणवतात. एका नागाचा जीव वाचावा म्हणून स्वतःचा देह गरुडापुढे ठेवणारा तोच हा जीमूतवाहन. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता, म्हणून 'सुवर्णगरुडध्वज' हे त्यांचे बिरुद. तगर म्हणजे आजचे तेर, त्या नगरीचे स्वामी म्हणून 'तगरपुरवराधीश्वर' हे दुसरे. आणि महालक्ष्मीच्या वरप्रसादाने राज्य मिळाले असे सांगणारे 'श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद' हे तिसरे. एका बिरुदात कुळ, दुसऱ्यात मूळ नगर आणि तिसऱ्यात देवीचा कौल. राज्य करण्याचा अधिकार कोठून आला, या प्रश्नाचे ते तीन पदरी उत्तर होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेपुढे हाच प्रश्न होता आणि तो अधिक अवघड रूपात होता. राजा नाकारून स्थापन झालेल्या राज्याला राजवंश सांगता येत नव्हता, आणि चर्चच्या अधिकृत पाठिंब्यावरही त्याला उभे राहता येत नव्हते. म्हणून त्यांनी रोमच्या प्रजासत्ताकाशी नाते जोडले. जेंकिन्स हिल नावाच्या साध्या टेकडीवर बांधलेल्या संसदभवनाला रोममधील ज्युपिटरच्या मंदिराच्या टेकडीवरून कॅपिटॉल म्हणण्यात आले. पायथ्याच्या ओढ्याचे टायबर असे रोमन नदीवरून घेतलेले नाव तर आधीच रूढ झालेले होते. आपल्या गावाला दक्षिण काशी म्हणणाऱ्या आणि पंचगंगेत गुप्त सरस्वती धरणाऱ्या कोल्हापूरकराला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मात्र एक फरक आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची मेख तिथेच आहे. ज्युपिटर, मिनर्व्हा, समुद्रदेव नेपच्यून यांची पूजा करणारे कोणी उरलेले नव्हते, म्हणूनच ते सरकारी इमारतीवर चढू शकले. ख्रिस्ती संतांपैकी कोणाला निवडले असते, तर कुठल्या ना कुठल्या पंथाने हरकत घेतलीच असती. मिनर्व्हेबद्दल हरकत घेण्याइतके तिच्याशी कोणाचेच जवळचे नाते नव्हते. तिला विद्येचे रूपक म्हणून निर्धास्तपणे वापरता येत होते. आपल्याकडे ही सोय नाही. कोल्हापुरात एखाद्या कार्यालयाच्या दारावर 'रूपक' म्हणून देवी बसवली, तर पहिल्याच शुक्रवारी तिच्यापुढे हळद-कुंकू पडेल, आणि त्यात भाविकांची काहीच चूक नसेल. जिवंत देवतेला रूपक करता येत नाही.

हा फरक जागेच्या नियमांतही दिसतो. आपल्या मंदिरात प्रत्येक आकृतीची जागा ठरलेली असते: दाराच्या माथ्यावर ललाटबिंबात गणेश किंवा गजलक्ष्मी, उंबरठ्यावर कीर्तिमुख, आणि आठ दिशांना आठ दिक्पाल, ज्यांत जलाधिपती वरुण पश्चिमेलाच हवा. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप आणि त्याचे गजपीठ पाहिले की, ही व्यवस्था किती काटेकोर असू शकते हे समजते. वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटात चितारलेल्या नेपच्यूनला असे कोणतेही बंधन नाही. चित्रकाराच्या रचनेत तो जिथे शोभला तिथे बसला.

फ्रीमेसनांचा मुद्दा मी लवकर संपवतो, कारण त्यात लोकांना वाटतो तेवढा दम नाही. कॅपिटॉलची कोनशिला 18 सप्टेंबर 1793 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मेसॉनिक विधीने बसवली आणि तिच्यावर धान्य, मद्य व तेल वाहिले गेले, हे खरे आहे. वॉशिंग्टन स्वतः मेसन होते, हेही खरे आहे. परंतु हा समारंभ मिरवणूक काढून, चारचौघांत झाला. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पायाभरणीच्या वेळी विधी करणाऱ्या समाजाला दुसऱ्याच्या पायाभरणीत कट दिसावा, ही थोडी गंमतच आहे. रस्त्यांच्या नकाशात पंचकोनी तारा असल्याचा दावा तर नकाशा उघडला की ढासळतो, कारण त्या ताऱ्याची एक रेषा पूर्ण करायला ऱ्होड आयलंड अव्हेन्यू लागतो आणि तो मधेच संपतो. उंच निमुळता वॉशिंग्टन स्तंभ एवढा कोरा आणि म्हणून 'गूढ' का दिसतो, याचे उत्तरही हिशेबाच्या वहीत आहे. रॉबर्ट मिल्स यांच्या मूळ कल्पनेत स्तंभाच्या पायथ्याशी भव्य स्तंभावली आणि तिच्यावर रथ हाकणारे वॉशिंग्टन होते. 1848 मध्ये सुरू झालेले काम 1854 मध्ये पैशाअभावी आणि राजकीय भांडणांत थांबले, पुढे बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेतले गेले, आणि 1884 मध्ये केवळ स्तंभ उभा राहिला. सुमारे 46 मीटर उंचीवर संगमरवराचा रंग बदललेला दिसतो, तो कामात पडलेल्या या खंडाचा पुरावा आहे. अशा रंगबदलाकडे संवर्धन करणारा माणूस प्रथम पाहतो.

आता ज्या उदाहरणावर तुम्ही सेमिनारचा अर्धा वेळ खर्च करावा असे मला वाटते, ते पाहू. कॅपिटॉलच्या घुमटावर 'फ्रीडम' म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याची उंची जवळजवळ सहा मीटर आहे. शिल्पकार टॉमस क्रॉफर्ड यांनी आपल्या आराखड्यात तिच्या डोक्यावर मऊ टोपी घातली होती. रोममध्ये गुलामाला मुक्त करताना अशी टोपी दिली जाई, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ती स्वातंत्र्याची सर्वमान्य खूण झाली होती. परंतु बांधकामाची देखरेख तेव्हा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांच्याकडे होती. ते स्वतः गुलामांचे मालक होते आणि पुढे दक्षिणेतील फुटीर राज्यांचे अध्यक्ष झाले. स्वतंत्र जन्मलेल्या लोकांच्या संसदेवर मुक्त केलेल्या गुलामाची टोपी शोभत नाही, अशा आशयाची हरकत त्यांनी घेतली. क्रॉफर्ड यांनी टोपी काढून गरुडाचे मस्तक आणि पिसे असलेले शिरस्त्राण घातले. आज खालून पाहणाऱ्या पुष्कळांना ती अमेरिकेतील आदिवासी स्त्री वाटते. तो समज त्या पिसांमुळे झाला आहे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. क्रॉफर्ड यांचा मृत्यू 1857 मध्ये झाला आणि त्यांच्या प्लास्टरच्या नमुन्यावरून पुतळा ओतण्याचे काम वॉशिंग्टनजवळच्या क्लार्क मिल्स यांच्या ओतशाळेत झाले. तिथे फिलिप रीड हा गुलाम कामाला होता. नमुन्याचे भाग सुटे करण्याच्या नाजूक कामात त्याचा हात होता, आणि त्याला स्वतःची मजुरी फक्त रविवारच्या कामाची मिळत असे. इतर दिवसांची मजुरी मालकाची. एप्रिल 1862 मध्ये राजधानीच्या हद्दीतील गुलामगिरी कायद्याने संपली आणि रीड मुक्त झाला. पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला तो 2 डिसेंबर 1863 रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना. टोपी नाकारणारे डेव्हिस तोवर शत्रुपक्षाचे प्रमुख झाले होते. पुतळ्याच्या हातातील तलवार, पुष्पचक्र आणि ढाल यांचे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील. पण त्याच्या डोक्यावर काय नाही, हे कळल्यावाचून तो पुतळा वाचला असे म्हणता येणार नाही.

या घुमटाच्या आत कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी या रोमहून आलेल्या चित्रकाराचे ओल्या गिलाव्यावर काढलेले चित्र आहे. जमिनीपासून सुमारे 55 मीटर उंचीवरचे आणि 430 चौरस मीटरहून थोडे अधिक क्षेत्र व्यापणारे हे चित्र 1865 मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी ढगांत वॉशिंग्टन बसलेले आहेत, त्यांच्या दोन बाजूंना स्वातंत्र्य आणि विजय या देवता आहेत, आणि मूळ 13 राज्यांच्या 13 युवती त्या वर्तुळात आहेत. कडेला सहा समूह आहेत, आणि खरी मौज तिथे आहे. मिनर्व्हा ज्यांना शिकवते आहे ते फ्रँकलिन, फुल्टन आणि मोर्स हे अमेरिकन संशोधक आहेत. व्यापाराचा देव मर्क्युरी पैशाची थैली देतो ती रॉबर्ट मॉरिस या स्वातंत्र्ययुद्धाच्या खजिनदाराला. धान्यदेवता सेरेस बसली आहे ती मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रावर. व्हल्कनच्या ऐरणीशेजारी तोफ आणि वाफेचे इंजिन आहे, आणि नेपच्यूनसोबतच्या व्हीनसच्या हातात अटलांटिकच्या तळाशी अंथरली जाणारी तारेची केबल आहे. देवांना यंत्रांच्या कामाला लावणारे हे चित्र आहे, आणि ते घुमटाच्या बांधणीशी सुसंगतही आहे, कारण दगडाचा वाटणारा तो घुमट प्रत्यक्षात ओतीव लोखंडाचा असून वरून रंगवलेला आहे.

नेपच्यूनचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नोंदवतो. हा देव कोल्हापुरात वॉशिंग्टनच्या कितीतरी आधी आला. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तूंमध्ये त्याच्या ग्रीक रूपाची, म्हणजे पोसायडनची, लहानशी ब्राँझ मूर्ती आहे, आणि ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. सातवाहनकाळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती इथे पोचली. ती व्यापाराची वस्तू म्हणून आली, राज्याचे चिन्ह म्हणून नव्हे. त्यामुळे तिच्यावरून कोल्हापूर आणि रोम यांच्या 'सांस्कृतिक ऐक्या'चे मोठाले निष्कर्ष काढू नयेत. परंतु एकच देव एका राजधानीत संसदेच्या छतावर आणि दुसऱ्या राजधानीत व्यापाऱ्याच्या सामानात असू शकतो, हे दाखवायला तिच्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही.

उसना वेश प्रत्येक वेळी अंगाला बसतोच असे नाही. होरेशियो ग्रीनो यांनी 1840 मध्ये पूर्ण केलेल्या पुतळ्यात वॉशिंग्टन ऑलिंपियातील झ्यूसप्रमाणे उघड्या छातीने सिंहासनावर बसले आहेत. लोकांनी त्याची इतकी थट्टा केली की तो काही वर्षांतच संसदभवनातून बाहेर अंगणात गेला आणि शेवटी संग्रहालयात पोचला. युनियन स्टेशनातील रोमन सैनिकांच्या पुतळ्यांपुढे ढाली आहेत, त्याही उघड्या मांड्यांवर हरकत आली म्हणून. अमेरिकन माणसाला रोमन सद्गुण हवे होते, रोमन अंगप्रदर्शन नको होते.

दंडांच्या मोळीबद्दल मात्र सावधपणे लिहा, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. रोममध्ये अधिकाऱ्यापुढे चालणारे सेवक काठ्यांची जुडी आणि तिच्यात खोवलेली कुऱ्हाड घेऊन जात. आपल्या दरबारातील चोपदाराच्या दंडाशी तिचे नाते लगेच लक्षात येईल. अमेरिकेत राज्यांच्या एकजुटीची खूण म्हणून ती रूढ झाली. प्रतिनिधिगृहाचा 1841 चा राजदंड 13 काळ्या दांड्यांचा आहे आणि त्याच्या माथ्यावर पृथ्वीगोलावर बसलेला चांदीचा गरुड आहे. लिंकन स्मारकात लिंकन यांचे हात ज्या आसनाच्या हातांवर टेकले आहेत, तिथेही याच जुड्या कोरलेल्या आहेत. इटलीच्या फॅसिस्टांनी हेच चिन्ह घेतले म्हणून या आसनात हुकूमशाही शोधणारे लेख आढळतात. त्यांनी तारखा पाहाव्यात: स्मारकाचे काम 1914 मध्ये सुरू झाले, लोकार्पण 30 मे 1922 रोजी झाले, आणि मुसोलिनी सत्तेवर आला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दारातील स्वस्तिकाबद्दल परदेशी पाहुण्याला समजावण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना हा मुद्दा अधिक सांगायला नको.

केवळ उसनवारीच झाली असेही नाही. 1809 मध्ये बेंजामिन लॅट्रोब यांनी संसदभवनातील खांबांच्या शीर्षांवर ग्रीक पद्धतीच्या पानांऐवजी मक्याची कणसे कोरवून घेतली, आणि सदस्यांना ती फार आवडली. 1814 मध्ये ब्रिटिशांनी इमारत जाळली, त्यातून हे खांब वाचले. पुढे लॅट्रोब यांनी तंबाखूच्या पानांची शीर्षेही केली. व्यवस्था ग्रीक, पीक आपल्या मातीतले. नवी दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या खांबांना लट्यन्स यांनी दगडी घंटा दिल्या, तो प्रयत्न याच जातीचा आहे.

इथून कोल्हापूरकडे वळणे सोपे जाते. नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार काळ्या दगडात उभा राहिला. त्यात गुजरात-राजस्थानच्या जैन आणि हिंदू मंदिरांचे घटक, इस्लामी घुमट, इथल्या वाड्याची वळणे आणि मध्ये युरोपीय घड्याळाचा अष्टकोनी मनोरा आहे. याला 'संमिश्र शैली' असे नाव देऊन पुस्तके पुढे जातात. मला ते अपुरे वाटते. हुकूम कोणाचा, हा प्रश्न विचारा. 1877 मध्ये गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, ते अल्पवयीन होते आणि कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चाले. पुढे त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि 1883 च्या डिसेंबरात तिथेच त्यांचा दुर्दैवी अंत झाला. राजवाडा पुरा झाला त्या 1884 च्या मार्च महिन्यात शाहू महाराजांचे दत्तकविधान झाले. म्हणजे ज्या राजासाठी वाडा सुरू झाला तो त्यात नांदलाच नाही. दरबार सभागृहातील रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत, ते या पार्श्वभूमीवर पाहा: ज्या गादीच्या हाती फारसा अधिकार उरलेला नव्हता, तिच्या दरबारात मूळ पुरुषाचा पराक्रम प्रकाशाने उजळतो. शिलाहारांनी जीमूतवाहन सांगितला, अमेरिकनांनी रोम सांगितले. इथे सांगायला दोनशे वर्षांपूर्वीचा खराखुरा पूर्वज होता, पुराणाची गरज नव्हती.

मँट यांचाच टाऊन हॉल गॉथिक घाटाचा आहे, म्हणजे युरोपातल्या चर्चच्या वळणाचा. पण कोल्हापुरात त्याच्या टोकदार कमानींना कोणी ख्रिस्ती अर्थ दिला नाही. त्या 'सरकारी' कमानी झाल्या. आणि शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्रचंड प्रेक्षागार पाहिल्यानंतर खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले, जे 1912 मध्ये तयार झाले. त्यांनी रोमकडून चढत्या गोलाकार बैठकीची युक्ती घेतली, जेणेकरून शेवटच्या माणसालाही हौदातली कुस्ती दिसावी. रोमचे देव, स्तंभ, पुतळे यांतले काहीच घेतले नाही. वॉशिंग्टनने रोमचा वेश घेतला, कोल्हापूरने रोमची बैठक घेतली. राजधानी म्हणून कोणती उसनवारी अधिक समजूतदार होती, याबद्दल माझे मत उघड आहे, पण मी कोल्हापूरचाच असल्यामुळे ते थोडे वजा करून घ्यावे.

सेमिनारसाठी शेवटची सूचना न्यायालयांची. वॉशिंग्टनच्या 1935 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांशी जेम्स अर्ल फ्रेझर यांनी घडवलेली जी स्त्री बसली आहे, तिचे डोळे उघडे आहेत. पट्टी बांधलेली न्यायदेवता आहे ती तिच्या हातातल्या छोट्या मूर्तीत. दिल्लीत 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयात बसवलेल्या नव्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तलवारीच्या जागी संविधान आहे. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र इमारत होईल तेव्हा दर्शनी भागावर काय असावे हा वाद होणारच, आणि तो व्हावा. तुमच्या पिढीचे वास्तुविशारद त्या कामात असतील, तर मंजूर आराखड्याबरोबर नामंजूर आराखडे, हरकतींची पत्रे आणि बदलांचे शेरेही दप्तरात जपून ठेवा. क्रॉफर्ड यांची टोपी आपल्याला माहीत आहे, ती त्या पत्रव्यवहारामुळेच.